चूलबंदीच्या दिवशीचा धूर

तांबडवाडीच्या पूर्वेला एक ओढा आहे. ओढ्याच्या अलीकडं, माळावर, गजराबाईची वस्ती. पलीकडं उतारावर सरुबाईचं एकटं घर. मधलं अंतर असं, की हाक मारली तर पोचत नाही, पण नजर पोचते. अंगणात कोणी उभं आहे एवढं दिसतं. कोण आहे ते ओळखू येत नाही. धूर मात्र स्वच्छ दिसतो.

गजराबाई धनगराची. तिचा मुलगा बिरू आणि सून अयोध्या मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं भीमेच्या काठाला गेलेली. वस्तीवर ती, एक गाय आणि एक म्हातारं कुत्रं. सरुबाई बौद्ध. तिचा नवरा पिराजी वारला तेव्हापासून ती हाडोळ्याच्या, म्हणजे जुन्या वतनाच्या, दोन एकरांत एकटी राहायची. सोबतीला चार शेळ्या.

दोघींची ओळख बहात्तर सालची. येरमाळ्याच्या रस्त्यावर दुष्काळाची खडी फोडताना दोघी शेजारी शेजारी बसायच्या. दुपारी मिळणारी सुकडी एकाच पदरात घ्यायच्या. तेव्हा गावातल्या बायांनी गजराबाईला नावं ठेवली होती. ती म्हणाली होती, "दगड फोडताना तुमी कुनी जात इचारली न्हाय, खाताना कशाला इचारता?" त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही. निदान तिच्या तोंडावर तरी नाही.

सरुबाईचा मुलगा तात्याराव धाराशिवला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. डेपोजवळ दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलेलं. आईनं तिथं यावं म्हणून तो मागं लागला होता. एकदा ती गेलीही. पंधरवडाभर राहिली आणि परत आली.

"काय कमी पडलं, माय?" त्यानं विचारलं.

"कमी कायबी न्हाय. नळाला पानी हाय, सून गुनाची हाय. पन तिथं म्या पाव्हनी. सकाळी उठलं की कुठं बसावं ते दुसऱ्याला इचारावं लागतं. हितं म्या मालकीन."

"आणि पडलीस बिडलीस तर? कुणाला कळणार?"

याला उत्तर दिलं ते शांतलिंगनं. शांतलिंग गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटीची गाडी रोज सकाळी गजराबाईच्या वस्तीच्या वळणावर थांबायची. आसपासच्या वस्त्यांवरचं दूध तिथं जमायचं आणि कॅन भरून गाडी धाराशिवच्या शीतकरण केंद्राकडं जायची. जाताना डेपोच्या फाटकावरूनच जायची.

"गजराबाईला रोज सकाळी सरुबाईचा धूर दिसतो," शांतलिंग म्हणाला. "तिनं बलभीमला सांगायचं. बलभीमनं गाडी न थांबवता तुला सांगायचं. दुधाच्या आधी बातमी पोचेल."

बलभीम म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. तो हसला. "दूध नासतं, शेठ. धूर काय नासत न्हाय. सांगंन की."

तात्यारावानं मानलं, पण एक अट घातली. "माय, जोवर धूर येतोय तोवर तू तुझ्या घरी. ज्या दिवशी धूर नाही, त्या दिवशी मी येईन आणि तुला घेऊन जाईन. मग नाही म्हणायचं नाही."

सरुबाईनं मान डोलावली. त्या दिवसापासून ती उजाडायच्या आत चूल पेटवू लागली. अंगात कणकण असली तरी पेटवायची. भाकरी करायची नसली तरी पेटवायची. गजराबाई धार काढून वळणावर यायची, डोळ्यांवर हात धरून पलीकडं बघायची आणि म्हणायची, "हाय." डेपोच्या फाटकाशी गाडीचा वेग कमी व्हायचा, बलभीम खिडकीतून ओरडायचा, "धूर हाय!" तात्याराव हात वर करायचा आणि कामाला लागायचा. बाकीचे मेकॅनिक म्हणायचे, "तात्याच्या बातम्या झाल्या. आता आपला चहा."

असं दीड वर्ष सुरळीत चाललं.

शहाऐंशीचा श्रावण आला आणि आभाळ तसंच कोरडं राहिलं. पेरलेलं उगवून वाळलं. ओढ्यात वाळूत खड्डा करून वाटीनं पाणी भरायची वेळ आली. गावात टँकर यायचा, तोही कधी यायचा नाही. तेव्हा गुंडप्पानं एक जुनी रीत काढली. गुंडप्पा गावातला वडीलधारा माणूस. त्याचा शब्द सहसा कोणी मोडत नसे. ती रीत अशी, की पावसासाठी एक दिवस सगळ्या गावानं चूल बंद ठेवायची. आदल्या दिवशीचं शिळं खायचं आणि दिवसभर शिवेवरच्या देवीच्या देवळापाशी बसून राहायचं. नैवेद्य थांबून देवीच्या पोटाला आच लागली की तिला आपली आच कळते, असं म्हातारी माणसं म्हणायची. मागं कधी चूलबंदी झाली होती ते कोणाला नीट आठवत नव्हतं. दवंडी पिटली. बौद्धवाड्यातल्या लोकांनी सांगितलं, आम्ही हे मानत नाही, आमच्या चुली पेटतील. गुंडप्पा म्हणाला, "तुमची मर्जी. आमची आमी बंद ठेवतो." भांडण झालं नाही.

आदल्या दिवशी ओढ्यातल्या खड्ड्यावर दोघी म्हाताऱ्या पाणी भरत होत्या.

"तू देवळाला जानार व्हय?" सरुबाईनं विचारलं.

"कशी जाऊ? गुडघे कुठं चालत्यात? घरीच बसनार. चूल मातूर बंद ठेवनार."

"ठेव की. तू बस शिळं चावत. म्या उद्या ताजी भाकर टाकनार आन् तुझ्या नाकाकडं वास सोडनार."

"सोड. दात न्हाईत तुला चावायला, वास कशाला सोडती!"

दुसरा दिवस उजाडला. गजराबाईनं धार काढली, दुधाची किटली घेऊन वळणावर आली. सवयीनं डोळ्यांवर हात धरला. गावावर रोज सकाळी धुराचा निळसर थर असतो, आज नव्हता. इतर वस्त्यांवरही नव्हता. बौद्धवाडा टेकाडाआड, तिथलं काही दिसायचं नाही. सगळं आभाळ धुतल्यासारखं मोकळं. गजराबाईनं देवीच्या दिशेनं हात जोडले. सगळीकडंच धूर नसला, की एका घराचं न दिसणं डोळ्याला टोचत नाही. तिलाही टोचलं नाही.

"मावशी, धूर?" बलभीमनं विचारलं.

"आज कसला धूर रं? आज चूलबंदी."

"व्हय की! म्या सकाळधरनं बिनचहाचा हाय, तरी इसरलो."

गाडी गेली.

दुपारी गजराबाई शिळी भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन बसली. भाकरी दगडासारखी झाली होती. पाण्यात बुडवून एक घास तोंडात घातला, आणि तिला दातांवरून सरुबाईला मारलेला टोमणा आठवला. तिला हसू आलं. हसता हसता घास तोंडातच राहिला.

सरुबाई ताजी भाकर टाकणार होती.

गजराबाई उठली. पायात चपलाही न घालता काठी घेऊन निघाली. ओढ्याच्या उतारावर एकदा बसली, एकदा घसरली. कोरड्या वाळूतून पलीकडं चढली. सरुबाईचं दार उघडं होतं. चूल थंड. खुंट्याला बांधलेल्या शेळ्या घसा बसेपर्यंत ओरडत होत्या.

घराच्या मागं गोवऱ्यांचा ढीग रचलेला असायचा. तो अर्धा कोसळला होता. त्याच्या पायथ्याशी सरुबाई पडली होती. गोवऱ्या काढायला पहाटे आली, खालची गोवरी ओढली, ढीग सरकला आणि ती पाय मुरगाळून मागं पडली. उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला होता. सकाळची सावली सरकून आता तिच्या तोंडावर ऊन आलं होतं. ओठ फुटले होते.

"आलीस?" ती पुटपुटली. "म्या म्हनलं, शिळी भाकर सरंपत्तूर येत न्हाईस."

"गप बस. बोलू नगंस." गजराबाईनं माठातलं पाणी आणून तिच्या ओठाला लावलं. तोंडावर सावलीसाठी बाभळीच्या दोन फांद्या रोवून वाकळ टाकली. मग काखेत हात घालून उचलायला गेली. सरुबाई अशी ओरडली की शेळ्याही गप्प झाल्या. गजराबाईनं हात काढून घेतले.

"चार मानसं लागत्याल," ती म्हणाली. "बाज लागंल."

"मानसं कुठं हायेत? सगळं गाव देवळाला, आमचा वाडा कामावर. तू जाशील कवा, सांगशील कवा?"

हे खरं होतं. देऊळ गावाच्या पलीकडच्या शिवेवर. गजराबाईच्या गुडघ्यांनी तिथवर जायचं म्हणजे दिवस कलला असता, आणि तोवर ही उन्हात. गजराबाईनं गोवऱ्यांकडं बघितलं.

"तुझी चूल पेटवते. मोप धूर करते. बघत्याल आन् येत्याल."

सरुबाईनं डोळे मिटूनच मान हलवली. "माझ्या धुराला कोन येतंय? त्यांना ठावं हाय, आमी चूलबंदी धरत न्हाय. म्हनत्याल, म्हातारीनं भाकर टाकली. तिची मर्जी."

गजराबाईनं ओढ्यापलीकडं आपल्या वस्तीकडं बघितलं. मग म्हणाली, "माझ्या धुराला येत्याल."

सरुबाईनं डोळे उघडले. "येडी झालीस व्हय? तू देवीचं मानतीस. उद्या पाऊस न्हाय आला तर सगळं गाव तुझ्या नावानं बोटं मोडंल."

"मोडू दे. बोटं मोडून मोडून थकलं की थांबत्याल."

ती परत ओढा उतरली, परत चढली. स्वतःच्या चुलीपुढं बसली तेव्हा तिला धाप लागली होती. चुलीत गोवऱ्या रचल्या, वर जुन्या छपराचं कुजलेलं गवत घातलं, त्यावर गाईच्या दावणीतला ओला केर. काडी ओढली आणि हात थांबला. लग्न होऊन या वस्तीवर आल्यापासून तिनं देवीचा एकही नेम चुकवला नव्हता. थोरला मुलगा वारला त्या वर्षीही नाही.

"आई," ती पुटपुटली, "जे काय घालायचं ते माझ्यावर घाल. गावावर घालू नगंस." आणि काडी टेकवली.

छपराच्या फटींतून धूर निघाला. आधी पांढरा, मग काळपट, मग दाट. वारा नव्हता. मोकळ्या आभाळात तो एकटाच खांबासारखा उभा राहिला.

देवळापाशी बसलेल्या लोकांना तो दिसायला वेळ लागला नाही. "धनगराच्या वस्तीवर!" कोणीतरी ओरडलं. गुंडप्पा काठी टेकत उठला. त्याच्याबरोबर दहा-बारा गडी उठले. तरणे पुढं पळाले, गुंडप्पा शिव्या देत मागून. गावाच्या चुलीवर पाणी ओतलं, म्हातारपणी भूक आवरली नाही, असं बरंच काही. गजराबाई त्यांना वस्तीच्या खाली वाटेतच भेटली. पदर डोक्यावरून पडलेला, तोंड काजळीनं माखलेलं.

"चूल कुनी पेटवली?" गुंडप्पानं लांबूनच विचारलं.

"म्या पेटवली. शिव्या चालता चालता द्या. आधी घरातली बाज उचला. सरुबाईचा पाय मोडलाय, सकाळधरनं पडलीय."

गुंडप्पा उभा राहिला. गड्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं काठी बगलेत मारली आणि म्हणाला, "बघता काय? बाज घ्या की रं. चुलीचं मागनं बघू."

सरुबाईला बाजेवर घेतलं. ओढ्याच्या वाळूत गड्यांचे पाय रुतायला लागले, तेव्हा बाजेचा एक खूर गुंडप्पानं स्वतः धरला. ती कण्हत होती आणि मधेच म्हणत होती, "शेरडांना पानी पाजा रं कुनीतरी."

गावातून बैलगाडीनं तिला मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर नेलं. गजराबाई गाडीतच तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. फाट्यावर पोचायला आणि धाराशिवहून आलेल्या एसटीतून तात्याराव उतरायला एकच गाठ पडली. बलभीमनं सकाळी डेपोच्या फाटकावर सांगितलं होतं, "आज चूलबंदी, म्हणून धूर न्हाय." ते ऐकून तात्यारावाच्या हातातला पाना खाली पडला होता. "आमची माय चूलबंदी धरत न्हाय!" असं तो ओरडला, पण गाडी पुढं गेली होती. रजा मिळायला दुपार झाली, मग मिळेल ती गाडी बदलत तो आला होता.

त्यानं आईचा पाय बघितला. मग गजराबाईकडं बघितलं. आवाज चढवला नाही, पण चढवला असता तर बरं, असं तिला झालं.

"मावशी, तुम्ही बघत होता ना?"

"बघितलं बाबा," ती म्हणाली. "पन दिसलं न्हाय."

गड्यांपैकी एकानं त्याला दुपारच्या धुराचं सांगितलं. त्यानं ऐकलं, मान हलवली, आणि आईला एका ट्रकच्या केबिनमधून दवाखान्यात नेलं.

पायाला प्लास्टर लागलं. दवाखान्यातून सरुबाई थेट मुलाच्या घरी गेली. तिनं वाद घातला नाही. अट तिला आठवत होती. तात्यारावानं बायकोला सांगितलं, "आता ती इथंच. शेळ्या विकून टाकतो, जमीन वाट्यानं देतो." सून खरंच गुणाची होती, तिनं सासूसाठी दाराशी ऊन येईल अशी खाट टाकली. सरुबाई तिथं बसून राहायची. जेवायची, विचारलं तर बोलायची.

गावात काय झालं तेही सांगायला हवं. चूलबंदीनंतर पंधराएक दिवसांनी पाऊस पडला, पण बेताचा. काही म्हणाले देवीनं ऐकलं, काही म्हणाले गजराबाईमुळं अर्धाच पडला. गुंडप्पानं तिला देवीला नारळ आणि तेल घालायला सांगितलं. तिनं घातलं. कुरबूर तेवढ्यावर थांबली.

एक गोष्ट मात्र तात्यारावाच्या लक्षात यायला उशीर लागला. बलभीम अजूनही फाटकाशी वेग कमी करून ओरडायचा, "धूर हाय!" पहिले काही दिवस त्याला वाटलं, सवय आहे. मग एकदा त्यानं गाडी थांबवली.

"बलभीम, माय तर माझ्या घरी हाय. तू कुणाचा धूर सांगतोस?"

"गजरामावशीचा."

"तो कशाला?"

"तुझ्या मायनंच सांगितलंय. दवाखान्यात भेटायला आलतो तवा. म्हनली, आता तू तिच्या वळणावर जातोस, तूच बघ आन् सांग." बलभीमनं गिअर टाकला. "तू घरी गेल्यावर रोज तुला इचारती न्हाय का, बलभीम काय म्हनला म्हनून?"

विचारायची. तात्यारावाला वाटायचं, गजराबाईकडं ठेवलेल्या शेळ्यांची चौकशी करते, म्हणून तो रोज सांगायचा, "सगळं बरं हाय म्हणाला." आणि ती रोज थोडी सैल व्हायची.

संध्याकाळी तो खाटेशी बसला. "माय, तू गजरामावशीचा धूर बघायचीस?"

"मग? ती माझा बघती, म्या काय आंधळी व्हते? माझी चूल पेटली की म्या भाईर येऊन तिची बघायची. तिची दिसली की मग भाकर टाकायची."

"तिला माहीत होतं?"

"असंल. आमी कदी बोललो न्हाय त्यावर." सरुबाईनं प्लास्टरवरून हात फिरवला. "तात्या, तिची पोरं भीमेकडं. वर्षातनं आठ म्हैने ती एकटीच. तिचे गुडघे तू बघितलेस. तुमी सगळ्यांनी मिळून एका म्हातारीची सोय लावली. तिथं दोन हायेत."

तात्याराव उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. जेवताना बायकोला म्हणाला, "शेळ्या अजून विकल्या नाहीत ना? राहू दे."

प्लास्टर निघालं. काठी धरून चालता येऊ लागलं. दसऱ्याच्या आधी तात्यारावानं तिला परत आणलं. गजराबाई ओढ्याच्या अलीकडं उभी होती, शेळ्यांची दावी हातात धरून.

"शेरडं वाळवलीस माझी," सरुबाईनं पलीकडून पहिलंच वाक्य टाकलं.

"वाळवली? माझ्या गाईचा कडबा खाऊन ढेकर देत्यात. बघ की जवळ येऊन."

"तूच ये. माझा पाय मोडलाय."

"माझे गुडघे काय नवे बसवल्यात?"

"ऐका दोघी," तात्याराव मधे पडला. "नुसता धूर बघायचा, हे आता बंद. धूर बघा, पण दुपारी एकदा तोंडं बघायची. रोज. मधेच भेटा, ओढ्यात. कोणी आलं नाही, तर दुसरीनं लगेच मिळेल त्याच्याकडून गावात कळवायचं. सण असो, चूलबंदी असो."

ओढ्यात आता घोट्याएवढं पाणी होतं आणि तळ शेवाळलेला. दोघींनी त्या पाण्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

तात्यारावानं पँट वर केली आणि पाण्यात उतरला. काठावरचे सपाट दगड उचलून एकेक टाकायला लागला. टाकायचा, पायानं हलवून बघायचा, डुगडुगला तर खाली बारके दगड खुपसायचा. येरमाळ्याकडून धाराशिवच्या शेवटच्या एसटीचा हॉर्न ऐकू आला. त्यानं तिकडं बघितलं नाही.

सरुबाई काठीवर भार देऊन काठाला उभी होती. तिसरा दगड पडला तशी ती म्हणाली, "तेवढी ढांग पडायची न्हाय गजरीची. जवळ टाक."